सशाच्या कातडीखाली गाठ लागली? पिळू नका, घरातली गोळी देऊ नका

सशाला मांडीवर घेऊन हात फिरवताना बोटाखाली हरभऱ्याएवढं काहीतरी सरकतं. काल होतं की नव्हतं, आठवत नाही. ससा मात्र निवांत कोथिंबीर चघळत असतो. अशा वेळी घरात साधारण तीन सल्ले मिळतात. एक, "करट असेल, पिकलं की आपोआप फुटेल." दोन, "हळद लाव." आणि तीन, "माझ्या दाढेच्या वेळच्या गोळ्या उरल्यात, त्यातली पाव दे." यातला पहिला सल्ला सशाच्या बाबतीत चुकीचा आहे, दुसऱ्याने फारसं काही होत नाही आणि तिसऱ्याने ससा मरू शकतो.

कोल्हापूर भागात अडचण थोडी वेगळीच आहे. इथे जनावरांचा अनुभव घरोघरी आहे. म्हशीच्या मानेवरचं गळू, बैलाच्या खांद्यावरची सूज, शेळीची गाठ हे सगळं पाहिलेली माणसं घरातच असतात. तो अनुभव खरा आहे, पण तो सशाला लागू पडत नाही. सशाचा पू वेगळा, आतडं वेगळं आणि दातही वेगळे. त्यामुळे म्हशीला चाललेला इलाज सशाला चालेलच असं नाही.

आधी खात्री करा, ती गाठच आहे का?

वयात आलेल्या मादीच्या हनुवटीखाली मऊ, लोंबती घडी असते. ती चरबीची असते आणि नैसर्गिक असते. बऱ्याच जणांना ती अचानक दिसते आणि धडकी भरते. पोटावर दोन ओळींत आठ-दहा स्तनाग्रं असतात, ती केसांत लपलेली असल्याने मुरमासारखी लागतात. नर तीन-चार महिन्यांचा झाला की मागच्या पायांमध्ये वृषण उतरतात. मादी म्हणून आणलेल्या सशाला 'गाठी आल्या' असं वाटण्यामागे अनेकदा हेच कारण असतं. केस गळायच्या दिवसांत गुंतलेल्या केसांचा गोळाही गाठीसारखा लागतो. यातलं बहुतेक दोन्ही बाजूंना सारखं असतं. एकाच बाजूला आहे, कडक आहे, वाढतंय, तर ते तपासून घ्यायचं.

आठवड्याभरात खरजेचं किंवा दुसरं कसलं इंजेक्शन झालं असेल, तर टोचलेल्या जागी छोटी गुठळी राहू शकते. ती दिवसागणिक लहान होत गेली तर चिंता नाही.

तपासताना सशाला कान धरून उचलू नका. त्याचे मागचे पाय ताकदवान आणि पाठीचा कणा नाजूक असतो. अधांतरी धरलेल्या सशाने जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. जमिनीवर बसा, टॉवेलवर ससा घ्या आणि डोक्यापासून सुरुवात करा. गाठीशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, तारीख लिहा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून वजन करा. डॉक्टरांकडे हे तीन आकडे घेऊन गेलात तर अर्धं काम झालेलं असतं.

सगळ्यात जास्त आढळतं ते गळू, पण आपल्यासारखं नाही

पाळीव सशाच्या कातडीखालच्या गाठींमध्ये गळू हे फार नेहमीचं कारण आहे. दोन नर एका पिंजऱ्यात ठेवले की चावाचावी होते. पिंजऱ्याची तार टोचते, गवतातलं कूस रुततं. जखम वरून दोन दिवसांत मिटते, आत मात्र जंतू राहतात. सशाच्या नाकात एरवीही सापडणारा पाश्चुरेला, कातडीवरचा स्टॅफिलोकोकस आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारे काही जंतू यात बऱ्याचदा असतात.

माणसाच्या करटातला पू पातळ असतो. तोंड पडलं की वाहून जातो आणि ठणका थांबतो. सशाचा पू वाहत नाही. पू पातळ करणारी जी विकरं आपल्या पांढऱ्या पेशींत भरपूर असतात, त्यातली काही सशाच्या पेशींत फारच कमी असतात. म्हणून सशाचा पू फडक्यात टांगून ठेवलेल्या चक्क्यासारखा किंवा टूथपेस्टसारखा घट्ट होतो. त्याच्याभोवती शरीर जाड पिशवी तयार करतं. रक्तातून आलेलं औषध या पिशवीच्या आत नीट पोहोचत नाही आणि आतला पू बाहेर यायला वाट नसते.

अशी गाठ पिळली तर काय होईल? थोडा पू बाहेर येईल, तुम्हाला समाधान वाटेल आणि पिशवीची भिंत आतून फुटली तर उरलेला पू आजूबाजूच्या मांसात पसरेल. सशाची कातडी इतकी पातळ असते की केस कापतानासुद्धा फाटते. शेक देऊन, पोटीस बांधून 'पिकवायचा' प्रयत्नही इथे फसतो, कारण हा पू पिकून पातळ होणारा नाहीच.

म्हणूनच डॉक्टर शक्य असेल तिथे गळू पिशवीसकट कापून काढतात, एखादी छोटी गाठ काढावी तसं. तसं जमत नसेल तर गळू उघडून आतलं खरवडून काढतात आणि जखम लगेच शिवून न टाकता काही दिवस उघडी ठेवतात, म्हणजे रोज धुता येते. उघडी जखम बघून घरचे घाबरतात, पण आतून भरत येणारी जखमच इथे हवी असते. नुसत्या गोळ्यांवर गळू गेलं असं क्वचितच होतं.

गाठ जबड्यावर असेल तर तोंडात बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. खालच्या जबड्याची कड दोन बोटांनी चाचपली आणि तिथे कडक उंचवटा लागला, तर तो बहुधा कातडीचा आजार नसतो, दाताचा असतो.

सशाला 28 दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात, अगदी मागच्या दाढासुद्धा. रानात दिवसभर चिवट गवत चघळून ते झिजतात. घरातला ससा चपाती, बिस्किट, भिजवलेली डाळ, गाजर आणि दुकानातलं गोळीखाद्य खातो. हे पटकन गिळलं जातं, दाढा घासल्या जात नाहीत. मग दाढा वर वाढतात, त्यांना टोकं येतात, जीभ-गाल कापले जातात. वर जागा नाही म्हणून मुळं खाली जबड्याच्या हाडात घुसतात. तिथे जंतू गेले की हाडातच गळू होतं आणि बाहेरून आपल्याला हनुवटीच्या बाजूला 'गाठ' लागते. वरच्या जबड्यात हेच झालं तर एक डोळा सतत पाणावतो किंवा पुढे आल्यासारखा दिसतो.

त्याआधी बऱ्याचदा खुणा दिसलेल्या असतात. हनुवटी ओली राहणं, खाऊ तोंडात घेऊन टाकून देणं, कडक खाणं सोडून फक्त मऊ पालाच खाणं, लेंड्या बारीक होणं. ससा हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवतो. तो ओरडत नाही. त्याची तक्रार ताटलीत आणि लेंड्यांत वाचावी लागते.

जबड्याच्या गाठीला एक्स-रे लागतो, कवटीचा, वेगवेगळ्या बाजूंनी. खराब दात तसाच ठेवून वरून गळू साफ केलं तर ते काही आठवड्यांत परत येतं. दात काढला, हाड साफ केलं, तरी उपचार महिनाभर किंवा त्याहून जास्त चालू शकतात आणि काही सशांमध्ये गाठ पुन्हा उद्भवते. हे डॉक्टरांचं अपयश नाही. आजारच चिवट आहे.

यावरचा खरा बंदोबस्त म्हणजे वैरण. आपल्याकडे त्याची टंचाई नाही. हरळी आणि स्वच्छ वाळलेलं गवत हे सशाचं मुख्य जेवण असायला हवं, बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज पोटभर नको. त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि मूत्रमार्गात गाळ साठतो. रस्त्याकडेचं, कुत्री फिरतात तिथलं गवतही टाळा. कुत्र्याच्या विष्ठेतून येणाऱ्या एका टेपवर्मची अंडी सशाच्या पोटात गेली, तर कातडीखाली किंवा स्नायूत पाण्याने भरलेली मऊ गाठ तयार होते. ती दुखत नाही, म्हणून कोणी फारसं लक्ष देत नाही.

कॅन्सर असेल का?

असू शकतो, पण गाठ म्हणजे कॅन्सर असं नाही. सशाच्या कातडीत सर्वाधिक दिसणारी ट्यूमरची गाठ केसांच्या मुळांशी संबंधित पेशींची असते. ती बहुतेकदा निरुपद्रवी असते आणि काढली की विषय संपतो. चरबीच्या गाठीही होतात. हाताने चाचपून यातला फरक डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. बारीक सुईने आतला थेंबभर नमुना घेऊन काचेवर पसरून बघावा लागतो. घट्ट पू असेल तर तिथेच उलगडा होतो, नाहीतर काच प्रयोगशाळेत जाते.

एका बाबतीत मात्र थांबू नका. नसबंदी न केलेल्या, तीन वर्षांपुढच्या मादीच्या पोटावर स्तनाजवळ गाठ लागली तर. अशा माद्यांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर खूप मोठ्या प्रमाणात आढळतो आणि स्तनांच्या गाठी त्याच्या जोडीने येऊ शकतात. लघवीतून रक्त जात असेल तर त्याच दिवशी दाखवा. डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला सांगतील, कारण हा आजार फुप्फुसात उतरतो.

लम्पी आहे का? आणि रीलमधली ती अळी?

2022 मध्ये महाराष्ट्रात लम्पी पसरला, जनावरांचे बाजार बंद झाले आणि गाठ म्हटलं की लम्पी हे समीकरण डोक्यात बसलं. लम्पी हा गाई-म्हशींचा विषाणूजन्य आजार आहे. सशाच्या अंगावरच्या गाठीचा त्याच्याशी संबंध नाही. गोठ्याशेजारी ससा ठेवला म्हणून त्याला लम्पी झाला, असं होत नाही.

इंटरनेटवर शोधलं की मिक्सोमॅटोसिस हे नाव हमखास समोर येतं. डोळ्यांच्या आणि गुप्तांगाच्या भोवती सूज, अंगावर गाठी आणि बहुतेक वेळा मृत्यू. हा रोग 1896 मध्ये उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओमध्ये सानारेल्ली या शास्त्रज्ञाने पहिल्यांदा नोंदवला. ऑस्ट्रेलियाने तर सशांचा सुळसुळाट आवरायला 1950 मध्ये तो मुद्दाम सोडला. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या सशांसाठी लिहिलेल्या पानांवर म्हणूनच त्याचा उल्लेख पहिल्या ओळीत असतो. ती यादी वाचून इथे झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

चिमट्याने गाठीतून जाडजूड अळी ओढून काढतात, ते लाखो व्ह्यूजचे व्हिडिओही बहुतेक अमेरिकेतल्या एका माशीचे असतात. ती माशी आपल्याकडे नाही, तेव्हा तसला चिमटा चालवू नका. आपल्याकडे दुसरा धोका आहे. पावसाळ्यात पिंजरा ओला राहिला, सशाची मागची बाजू लघवीने किंवा पातळ विष्ठेने माखली, की माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात जखमेत अळ्या पडतात. गोठ्यात अशा वेळी टर्पेंटाइन किंवा फिनेल ओततात. सशावर ते अजिबात वापरू नका, थेट दवाखाना गाठा.

घरातलं औषध का नको

सशाचं पचन आतड्यातल्या उपयोगी जंतूंवर चालतं. ॲमॉक्सिसिलीन, ॲम्पिसिलीन, क्लिंडामायसिन ही आपल्या कपाटातली नेहमीची औषधं तोंडाने दिली तर ते जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम गटातले विषारी जंतू माजतात आणि जुलाब होऊन ससा काही दिवसांत जाऊ शकतो. गंमत म्हणजे पेनिसिलीनचंच इंजेक्शन डॉक्टर सशाच्या गळवासाठी देऊ शकतात. औषध एकाच गटातलं, पण वाट वेगळी, परिणाम वेगळा.

स्टेरॉइड असलेली मलमंही नकोत. ससा ती चाटतो आणि स्टेरॉइडने त्याची प्रतिकारशक्ती झपाट्याने खाली येते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवारा किंवा थेंब सशाला विषारी आहे, हे औषध दुकानात कोणी सांगेलच असं नाही.

दाखवायचं कुठे आणि विचारायचं काय

कोल्हापूर शहरात पाळीव प्राण्यांचे दवाखाने बरेच आहेत, पण त्यांचा रोजचा रतीब कुत्र्या-मांजरांचा. त्यामुळे आधी फोन करा आणि सरळ विचारा: सशांवर उपचार करता का, भूल देता का, सशाचे दात तपासायचं साधन आहे का? शंका असेल तर एक प्रश्न पुरेसा आहे: "ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवायचं का?" ससा उलटी करू शकत नाही आणि उपाशी राहिला तर त्याचं आतडं थांबतं, म्हणून त्याला कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. 'हो, उपाशीच ठेवा' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. गुंतागुंतीच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुणे महामार्गावर, सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथेही निघण्याआधी फोन करूनच जा.

ससा दहा-बारा तास काही खात नसेल, लेंड्या बंद असतील, गाठ फुटली असेल, अळ्या दिसल्या किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी निघा. नुसती गाठ आहे आणि ससा खातोय-पितोय, तर दोन-तीन दिवसांत दाखवलं तरी चालेल. उन्हाळ्यात सकाळी लवकर न्या, सशाला उष्णता सोसत नाही. बुट्टीत किंवा खोक्यात खाली पोतं आणि सोबत त्याचं ओळखीचं गवत ठेवा. दोन ससे एकमेकांशी जमवून राहत असतील तर दोघांनाही न्या, वासामुळे परतल्यावर भांडण होत नाही.

घरी आणल्यावर पहिले दोन दिवस जखमेपेक्षा पोटाकडे जास्त लक्ष द्या. भूल उतरल्यावर काही तासांत त्याने गवताला तोंड लावायला हवं. नाही लावलं तर डॉक्टरांना विचारून, गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून त्याचा पातळ लगदा सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडा थोडा द्या, सरळ घशात नाही. दुखणं कमी करणारं औषध डॉक्टरांनी लिहिलंच असेल, तर ससा बरा दिसतोय म्हणून मध्येच बंद करू नका. पिंजऱ्यात भुसा टाकू नका, उघड्या जखमेला चिकटतो. जुनी सुती चादर घाला आणि रोज बदला. लेंड्या मोजा. आदल्या दिवसापेक्षा निम्म्या झाल्या तर फोन करा.