गाठींची दोरी आणि पायथ्याची वाट

वाटांचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्यापारी मार्ग येतात, घाट येतात, फौजांच्या कूचाचे रस्ते येतात. आज आपण बोलणार आहोत ते माणसांनी धावून धावून पाडलेल्या वाटांबद्दल. प्रदेश आहे अमेरिकेच्या नैर्ऋत्येचा, म्हणजे आजचं न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना.

आधी जमीन समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. रिओ ग्रांदे नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. तिच्या पूर्वेला उत्तरेत सांग्रे दे क्रिस्तोची रांग आहे आणि दक्षिणेत, आजच्या अल्बुकर्की शहराला लागून, सांडिया डोंगर. नदीकाठ ते शिखर हा चढ दीड हजार मीटरहून जास्त. या दोहोंच्या मधे जो उतरता पट्टा आहे, तोच पायथा. रेताड माती, गोटे, बुटकी जुनिपरची झाडं, निवडुंग आणि वर्षातला बराच काळ कोरडे पडलेले ओढे. पाऊस पडतो तो मुख्यतः जुलै ते सप्टेंबर, दुपारनंतर, गडगडाट करत. तिथले लोकही त्याला मॉन्सूनच म्हणतात, हे ऐकून आपल्याला जरा गंमत वाटते. पण आपल्यासारखी चार महिन्यांची झड नाही बरं का. एका शेतावर पडेल, शेजारच्यावर नाही.

या भागात शेकडो वर्षं गावं करून राहिलेल्या लोकांना स्पॅनिश लोकांनी ‘प्वेब्लो’ म्हटलं. प्वेब्लो म्हणजे गाव. हे एकच राष्ट्र होतं असं मात्र समजू नका. तिवा, तेवा, तोवा, केरेस, झुनी, होपी अशा निरनिराळ्या भाषा, आणि त्यांतल्या काही एकमेकींपासून अगदी वेगळ्या. घोडा स्पॅनिश लोकांबरोबर आला. त्याआधी निरोप जायचा तो पायानंच. पण धावणं हे नुसतं निरोप्याचं काम नव्हतं. होपींमध्ये आणि इतर प्वेब्लोंमध्ये सणांच्या वेळी शर्यती होत, आजही होतात. त्यांत धावणारा पावसासाठी धावतो. आपलं बळ खर्च करून तो ढगांना बोलावतो, अशी ती भावना आहे. कोण जिंकलं हा मुद्दा आहेच, पण दुय्यम.

आता १६८० सालाकडे येऊ. १५९८ पासून इथे स्पॅनिश वसाहत होती. तिच्याबरोबर वेठ आली, धान्याची वसुली आली, मिशनरी आले. १६७५ मध्ये गव्हर्नर त्रेविन्योने ४७ प्वेब्लो धर्मप्रमुखांना जादूटोण्याच्या आरोपाखाली धरलं. काहींना फाशी झाली, बाकीच्यांना फटके मारले. प्वेब्लोंचं हत्यारबंद शिष्टमंडळ सांता फेला जाऊन धडकलं, तेव्हा उरलेले सुटले. त्या सुटलेल्यांत ओके ओविंगे गावचा पोपे नावाचा माणूस होता. पुढे तो उत्तरेला ताओसला जाऊन राहिला आणि तिथून त्याने उठावाची जुळणी केली.

प्रश्न असा होता: शेकडो किलोमीटरवर विखुरलेली गावं, भाषा वेगवेगळ्या, लिहिलेलं पत्र चालत नाही. मग सगळ्यांनी एकाच दिवशी उठायचं कसं? त्यावरचा तोडगा म्हणजे दोरी. घायपातीसारख्या झाडाच्या तंतूंची दोरी, आणि तिला गाठी. जितके दिवस उरले तितक्या गाठी. रोज एक सोडायची. गाठी संपल्या की तो दिवस. ही दोरी वाचायला कुठलीच भाषा यावी लागत नाही. आपल्याकडे जासूद म्हटलं की जो माणूस डोळ्यांपुढे येतो, तसलाच हा दोरी नेणारा. फक्त याच्याकडे पत्र नव्हतं, आणि बहुधा त्यामुळेच बेत इतके दिवस टिकला.

हे आपल्याला कळलं कसं? गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, ते स्पॅनिश जाबजबाबांतून कळलं. १६८१ च्या डिसेंबरमध्ये गव्हर्नर ओतेर्मिन प्रदेश परत घ्यायला आला. तेव्हा पकडलेल्यांत सान फेलिपे गावचा पेद्रो नारांहो नावाचा म्हातारा होता. सगळ्यात चपळ पोरांकडून दोरी गावोगाव फिरवली आणि गुपित फोडणाऱ्याला मरणाची शिक्षा होती, असं त्याने सांगितलं. म्हणजे ज्यांनी त्या वाटा तुडवल्या, त्यांचा शब्द आपल्यापर्यंत येतो तो कैद्याच्या तोंडून, दुभाष्यामार्फत, शत्रूच्या कारकुनाच्या लेखणीने. हा कागद वाचताना आम्हाला दर वेळी हे स्वतःला बजावावं लागतं. प्वेब्लो घराघरांतून चालत आलेल्या आठवणींना ‘दंतकथा’ म्हणून बाजूला सारणारा अभ्यासक या कागदाला मात्र ‘पुरावा’ म्हणतो, तेव्हा आपण जरा थांबावं.

९ ऑगस्टला बेत फुटला. तेसुके गावचे दोन तरुण धावपटू, निकोलास कातुआ आणि पेद्रो ओम्तुआ, स्पॅनिश लोकांच्या हाती सापडले. त्यांच्याजवळच्या दोरीला दोन गाठी उरलेल्या होत्या. अर्थ काढून घेतला गेला. आता पुढचं बघा. ओतेर्मिनला वाटलं, दोन दिवस हातात आहेत. पण दोघे पकडले गेल्याची बातमी त्याच्या हुकमांपेक्षा वेगाने पसरली आणि १० ऑगस्टच्या सकाळी उठाव झाला. इतिहासाच्या पुस्तकांत दोरीचं कौतुक फार होतं, पण आमच्या मते खरी कमाल या रात्रीची आहे. दोरीला तयारीचे दिवस मिळाले होते. या बातमीला एक रात्रसुद्धा धड मिळाली नाही.

चारशेच्या आसपास माणसं मारली गेली, त्यांत २१ फ्रान्सिस्कन मिशनरी होते. सांता फेला वेढा पडला, पाणी तोडलं गेलं, आणि २१ ऑगस्टला स्पॅनिश वसाहत दक्षिणेकडे एल पासोच्या वाटेला लागली. बारा वर्षं ते परतू शकले नाहीत. वसाहतवाद्यांविरुद्ध यशस्वी झालेले उठाव मोजायला बसलो तर उत्तर अमेरिकेत याच्या तोडीचं उदाहरण सापडणं अवघड.

किंमत काय पडली, तेही बघू. सांडिया डोंगराच्या पायथ्याचं सांडिया गाव ओतेर्मिनने परतीच्या स्वारीत जाळलं. गावातले अनेक लोक पश्चिमेला होपींच्या मुलखात गेले, सेकंड मेसाजवळ गाव वसवून राहिले. ज्या दिशेने निरोप गेले होते त्याच दिशेने बायकापोरांसह निर्वासित गेले. १७४२ मध्ये दोन मिशनऱ्यांबरोबर बरेच जण परत फिरले, आणि १७४८ मध्ये सांडिया गावाला स्पॅनिश सनद मिळाली. पूर्वेची हद्द त्या सनदेत सांडिया डोंगराची मुख्य रांग अशी आहे. हे लक्षात ठेवा.

त्याच सेकंड मेसावर शुंगोपावी गावात पुढे लुई तेवानिमा जन्मला. तरुणपणी रेल्वे बघायला तो विन्स्लोपर्यंत, म्हणजे शंभरेक किलोमीटर, धावत जायचा अशी गोष्ट सांगतात. १९०७ मध्ये सरकारविरोधी गटातल्या होपींबरोबर त्याला पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेत नेलं गेलं, जवळपास कैदी म्हणूनच. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला तो नववा आला. १९१२ ला स्टॉकहोममध्ये दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. पुढे होता फिनलंडचा कोलेहमायनेन. या शर्यतीत त्याच्यापेक्षा सरस अमेरिकन कामगिरी व्हायला १९६४ साल उजाडलं, तेही बिली मिल्स या लाकोटा धावपटूकडून. अमेरिकेसाठी धावलेल्या तेवानिमाच्या लोकांना सरसकट अमेरिकन नागरिकत्व मिळालं १९२४ मध्ये. पदक घेऊन तो घरी आला आणि मेंढ्या राखत, मका पिकवत राहिला.

१९८० मध्ये उठावाला तीनशे वर्षं झाली, तेव्हा प्वेब्लो तरुण ताओसपासून होपी मुलखापर्यंत सुमारे ६०० किलोमीटर टप्प्याटप्प्याने धावले. पोपेचा पुतळा २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये बसला. हेमेस गावचा शिल्पकार क्लिफ फ्राग्वा याने तो घडवला, आणि हातात गाठींची दोरी दिली.

आणि ती सनद? अमेरिकन सरकारने १८५९ मध्ये मोजणी केली तेव्हा पूर्वेची रेघ डोंगराच्या मुख्य रांगेवर न ओढता पायथ्यापाशीच ओढली. सुमारे दहा हजार एकर, सगळा पश्चिम उतार, एका रेघेने गावाच्या हातून गेला. पुढे ते राष्ट्रीय वन झालं. अल्बुकर्की वाढलं, घरं पायथ्याला भिडली, पहाटे बूट घालून पळायला येणाऱ्यांच्या पायवाटा झाल्या. गावाने दावा लावला आणि वर्षानुवर्षं लढवला. २००३ च्या कायद्याने तडजोड झाली: जमीन राष्ट्रीय वनातच राहिली, पण गावाचे धार्मिक आणि पारंपरिक हक्क तिथे कायम झाले, नव्या वापरांबद्दल त्यांचा शब्द कायद्यात आला आणि त्या क्षेत्राला त्यांच्या भाषेतलं नाव मिळालं, ‘तुफ शुर बिएन’. लोकांना फिरायला, पळायला पूर्वीसारखी मोकळीक आहे. त्या उतारावर पळणाऱ्याला मोजणीदाराची रेघ कुठे दिसत नाही; ती घरांच्या शेवटच्या ओळीच्या आसपास कुठेतरी मागे पडते आणि वाट चढत राहते.