बेटकुळीची दोरी : ठेवावी, कापावी की बांधावी?

भिवंडीच्या गोदामात गाठी उचलणारा हमाल असो वा फळ्यावर लिहिणारे शिक्षक, हात वर नेताना दंडाच्या हाडाचे गोल डोके उथळ खोबणीत धरून ठेवण्याचे काम चार लहान स्नायू करतात. त्यांच्या कंडरा सदऱ्याच्या कफासारख्या त्या डोक्याला वेढतात, म्हणून या रचनेला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. द्विशिर स्नायूची, म्हणजेच आपल्या बेटकुळीची, लांब कंडरा याच कफाजवळून सांध्यात शिरते आणि खोबणीच्या वरच्या काठाला चिकटते. कफ झिजून फाटला की शेजारची ही कंडराही पुष्कळदा सुजते, विरते. मग कफ शिवताना तिचे काय करावे? या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे.

कफ फाटलेले खांदे जे. जी. स्मिथ यांना शवविच्छेदनात आढळले आणि त्यांनी १८३४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. फाटलेला कफ शिवल्याचा वृत्तांत बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ मध्ये दिला. शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक रुग्णाचा मागोवा घ्यावा आणि अंतिम निकाल, तो वाईट असला तरी, उघडपणे मांडावा, असा कॉडमन यांचा आग्रह होता. तो त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना रुचला नाही. पण कंडरेचा प्रश्न पुढे याच मार्गाने सुटत गेला.

१९४८ मध्ये हिचकॉक आणि बेक्टॉल यांनी दुखरी कंडरा दंडाच्या हाडावरील तिच्या खाचेतच घट्ट बसवण्याची पद्धत वर्णिली. तिला ‘टेनोडिसिस’ म्हणतात. कंडरा नुसती कापून सोडण्यास मात्र अनेकांचा विरोध होता. ती दंडाच्या डोक्याला खाली दाबून धरते, ती गेली तर डोके वर सरकेल, असा तर्क होता. तर्क सुसंगत होता, पण अनुभव वेगळे सांगत होता. कंडरा आपोआप तुटलेल्या काही रुग्णांचे जुने दुखणे एकाएकी थांबत असे. फ्रान्समधील लियाँचे जिल वाल्श यांनी हाच धागा पकडून दुर्बिणीद्वारे कंडरा कापण्यास सुरुवात केली. कफ फाटलेल्या ३०७ खांद्यांचे निकाल त्यांनी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले. ८७ टक्के रुग्ण समाधानी होते. अर्थात कंडरा कापल्याने फाटलेला कफ जुळत नाही. थांबते ते दुखणे. दरम्यान १९९७ मध्ये यामागुची व सहकाऱ्यांनी स्नायूंतील विद्युत्-संकेत नोंदले. कोपर स्थिर ठेवून खांदा हलवला, तर बेटकुळीची हालचाल नगण्य होती!

आज कफ शिवताना शल्यविशारदापुढे तीन वाटा असतात. कंडरा निरोगी असेल तर ती तशीच ठेवावी. खराब असेल तर कापून सोडावी किंवा कापून हाडाला बांधावी. कापून सोडणे सोपे व झटपट. पण बेटकुळी खाली घसरून फुगीर दिसू शकते आणि कधी पेटके येतात. बांधल्यास दंडाचा आकार बहुधा टिकतो, मात्र जोड धरेपर्यंत वजन उचलता येत नाही. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांत वेदना व कार्यक्षमता यांत फारसा फरक आढळलेला नाही. शिवाय कफ शिवल्यावर हात तसाही काही आठवडे झोळीत ठेवावा लागतो. हातावर पोट असलेल्या हमालाला रोजगाराचे ते दिवस दोन्ही वाटांनी गमवावेच लागतात. म्हणून वय, काम आणि रुग्णाची इच्छा पाहून निर्णय करायचा असतो.

कापल्यावरही कोपर वाकते कसे? बेटकुळीला दोन शिरे आहेत. आखूड शीर शाबूत राहते आणि तिच्याखालचा आणखी एक स्नायू कोपर वाकवतो. वर्गात एक प्रयोग करून पाहावा. कोपर काटकोनात ठेवून दुसऱ्या हाताने बेटकुळी धरा आणि पेचकस फिरवल्यासारखा तळहात जोर लावून वर वळवा. बेटकुळी टणक होते. तिचे मोठे काम खांद्यात नसून कोपराशी आहे, हे विद्यार्थ्यांच्या बोटांनाच कळेल.