राजाला विचारायचे प्रश्न

पैठणला पाहुणा आला की सातवाहन राजांच्या लढाया विचारतो. मी शेतकरी माणूस, मला दुसरंच काही विचारावं वाटतं. हे राजे जेवत काय होते? मिरची, शेंगदाणे, मका, टमाटे, बटाटे आपल्याकडं आले ते पोर्तुगीज आल्यावर. म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी एवढा मोठा राजा, पण मिरचीचा ठेचा त्याच्या ताटात कधी पडला नाही!

माल कुठं जायचा? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथले मौल्यवान दगड गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला येतात. बैलांचे हाल काय झाले असतील, ते गाडी हाकलेल्यालाच कळेल.

पण सगळ्यात मोठा प्रश्न मला नाशिकच्या लेण्यानं घातला. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राचा आणि त्याच्या आईचा हुकूम कोरलेला आहे. त्यात म्हटलंय, की भिक्षूंना आधी कखडी गावातलं शेत दिलं होतं. पण ते शेत कोणी कसत नाही आणि गावात वस्तीही नाही. म्हणून राजाच्या जमिनीतून शंभर निवर्तनं द्यावीत. निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, असंही बजावलंय. म्हणजे बाकीच्यांच्या शेतात ते शिरत असणार, नाही का?

भिक्षूंना दुसरं शेत मिळालं, ते ठीकच. पण कखडीची माणसं गेली कुठं? दुष्काळानं गेली, लढाईनं गेली, का साऱ्याला कंटाळून? हुकूमात त्याचं एक अक्षर नाही.

हे वाचलं आणि मला नाथसागर दिसला. 1965 साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी उद्घाटन. त्या पाण्यानं लाखो एकर रान भिजलं, हे खरंच. पण कित्येक गावं पाण्याखाली गेली. माझ्या आईचं माहेर त्यातच गेलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की जुनी जोती उघडी पडतात. कोणाचा वाडा, कोणाचा गोठा, हे सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.

राजांची नावं दगडावर राहिली. या माणसांना विचारून आपणच लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर आपलीही कखडी होईल.