नदव्यातील अरबीचा नवा अभ्यासक्रम

आपल्या मदरशांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात तर्कशास्त्राचे ग्रंथ भरपूर, व्याकरण पक्के. अरबी साहित्य मात्र नावापुरते. शब्दरूपांचे पहिले पुस्तक ‘मीजान’, तेही फारसीत! ‘काफिया’ मुखोद्गत असलेला विद्यार्थी वाक्याचा शब्द न् शब्द सोडवून दाखवी, पण अरबीत साधे पत्र लिहिताना अडखळे.

१८९४ साली कानपूरला नदवतुल उलेमाचे पहिले अधिवेशन भरले आणि अभ्यासक्रमाच्या सुधारणेला तोंड फुटले. १८९८ साली लखनौला दारुल उलूम निघाले. १९०५ मध्ये मौलाना शिबली नोमानी तेथे शिक्षणप्रमुख झाले. १८९२ साली तुर्कस्तान व मिसरचा प्रवास करून आलेला हा विद्वान. त्यांनी साहित्याला मानाचे स्थान दिले, इंग्रजीचाही आग्रह धरला. इंग्रजीवरून वादळ उठले, ते सर्वश्रुत आहे. माझ्या मते खरी अडचण निराळी होती. शिकवायचे कोणी? जे स्वतः जुन्या पद्धतीने शिकले, त्यांच्याच हाती नवी पुस्तके पडली.

१९०७ च्या पदवीदान समारंभात सुलेमान नदवी या तरुणाला आयत्या वेळी विषय दिला गेला व त्याने अस्खलित अरबीत भाषण केले. शिबलींनी स्वतःच्या मस्तकावरची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. प्रसंग हृद्य खरा, पण एका बुद्धिमान शिष्याने सभा जिंकली म्हणून सारा वर्ग बोलू लागत नाही. १९१३ मध्ये शिबलींनी राजीनामा दिला, पुढच्याच वर्षी ते अल्लाहला प्यारे झाले.

१९३० साली मोरोक्कोचे तकीउद्दीन हिलाली नदव्यात शिकवायला आले. अरबी अरबीतूनच शिकवावी, हा त्यांचा आग्रह. १९३२ मध्ये ‘अज्जिया’ हे अरबी मासिक निघाले. १९३४ साली शिक्षक म्हणून रुजू झालेल्या मौलाना अबुल हसन अली नदवींनी पुढे मुलांसाठी ‘कससुन्नबिय्यीन’ लिहिले. पैगंबरांच्या कथा, छोटी वाक्ये, तेच शब्द पुनःपुन्हा. कानपूरच्या अधिवेशनापासून मुलाच्या हाती असे पुस्तक पडायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

आठवीच्या वर्गात मी क्रियापदाची चौदा रूपे घोकून घेत होतो. एका मुलाने विचारले, “सर, ‘मला पाणी द्या’ अरबीत कसे म्हणायचे?” उत्तर द्यायला मला क्षणभर थांबावे लागले. आता तासाची शेवटची दहा मिनिटे मी ‘कसस’मधली गोष्ट वाचतो. रूपे थोडी मागे पडली आहेत, आणि परीक्षेत रूपेच विचारतात.