सागरी प्राण्यांवरील जीवाणू आणि प्रतिजैविके

स्पंज, प्रवाळ, शिंपले, कोळंबी अशा सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांच्या अंगावर किंवा पेशींत राहणाऱ्या जीवाणूंपासून नवी प्रतिजैविके मिळवण्याचे संशोधन. विसाव्या शतकाच्या मध्यास मातीतल्या जीवाणूंनी, त्यातही स्ट्रेप्टोमायसिस प्रजातीने, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन यांसारखी औषधे दिली. पुढे मातीतून तीच ती रसायने हाती येऊ लागली, तेव्हा शोध समुद्राकडे वळला.

अशा जीवाणूंचा त्या प्राण्याला काय उपयोग, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९८९ मध्ये कोळंबीच्या अंड्यांवर दाखवून दिले. पॅलेमॉन मॅक्रोडॅक्टिलस या कोळंबीच्या अंड्यांवर अल्टेरोमोनास जीवाणूंचा थर असतो. हा थर काढून टाकला की लॅजेनिडियम हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव अंड्यांत शिरतो आणि ती झपाट्याने मरतात. जीवाणू परत चढवले, किंवा त्यांनी तयार केलेले इसॅटिन हे साधे रसायन नुसते लावले, तरी बहुतेक अंडी वाचतात.

जहाजांचे लाकूड पोखरणारा टेरेडो हा किड्यासारखा दिसत असला तरी शिंपल्यांच्या कुळातला. त्याच्या कल्ल्यांतील पेशींत टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी हा जीवाणू राहतो आणि लाकडातील सेल्युलोज पचवणारी विकरे पुरवतो. लाकूड मात्र पचते जठराला जोडलेल्या पिशवीत, आणि एवढी साखर सुटत असूनही तिथे इतर जीवाणू जवळपास नसतात. याच जीवाणूत २०१३ मध्ये टार्ट्रोलॉन हे बोरॉनयुक्त प्रतिजैविक सापडले. पिशवी स्वच्छ राहण्यामागे त्याचा हात असावा, असा तर्क आहे. २०२१ मध्ये याच जीवाणूपासून टर्नरसायक्लामायसिन मिळाले. कोलिस्टिन या प्रतिजैविकालाही न जुमानणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर या रोगकारक जीवाणूला ते प्रयोगशाळेत मारते.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर खारफुटीच्या मुळांना चिकटलेल्या एक्टीनासिडिया टर्बिनाटा या ट्युनिकेट गटातील अपृष्ठवंशी प्राण्यावरील मायक्रोमोनोस्पोरा जीवाणूपासून विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने टर्बिनमायसिन वेगळे केले (२०२०). ते बुरशीनाशक आहे आणि अनेक औषधांना दाद न देणाऱ्या कँडिडा ऑरिस या रोगकारक बुरशीवर उंदरांमध्ये गुणकारी ठरले. वेगळ्या केलेल्या शेकडो जीवाणूंपैकी कोणता वेगळी रसायने बनवतो, हे या गटाने वस्तुमान वर्णपटमापनाने आधीच चाळून घेतले. जुनेच रसायन पुन्हा शोधण्यात वर्षे घालवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे.

खरी अडचण संवर्धनाची. अगरच्या बशीत यांतले थोडेच जीवाणू वाढतात, आणि वाढलेलेही प्राण्यापासून तुटल्यावर कधीकधी रसायन बनवणे थांबवतात. शिवाय प्राण्याला आणि माणसाला लागणारी औषधे वेगळी: अंडी वाचवणारे इसॅटिन हे काही रुग्णालयातील प्रतिजैविक झाले नाही. या वाटेने सापडलेले जीवाणुनाशक अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाही.

वरील ट्युनिकेटपासूनच मिळालेले ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरील औषध मात्र युरोपात २००७ पासून वापरात आहे. ते मुळात बनवणारा सहजीवी जीवाणू प्रयोगशाळेत वाढत नाही आणि टनभर प्राण्यांतून जेमतेम ग्रॅमभर द्रव्य निघते. त्यामुळे कारखान्यात ते स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या भलत्याच जीवाणूने किण्वनात तयार केलेल्या सायनोसॅफ्रासिनपासून रासायनिक पायऱ्यांनी घडवले जाते.