नंदादीप आणि आपली रात्र

रात्र सर्वांना सारखीच येते. परंतु तिचा अनुभव सर्व काळी सारखा नव्हता. आज बोटाच्या एका दाबाने घर उजळते आणि त्या क्षणी काही विशेष घडले असे कोणास वाटतही नाही. आपल्या आजा-पणज्यांच्या घरी मात्र दिवेलागण हा दिवसाचा एक संस्कारच होता. तिन्हीसांजेस केर काढू नये, कोणी निजून राहू नये, देवापुढे समई लागली की मुलांनी शुभं करोति म्हणून वडीलधाऱ्यांस नमस्कार करावा, हा क्रम सहसा चुकत नसे. दिवा ‘विझला’ हा शब्द तोंडातून काढणेही अशुभ मानीत; दिवा ‘शांत झाला’ असे म्हणत. ज्या वस्तूविषयी बोलताना माणूस इतके जपून शब्द वापरतो, ती वस्तू त्याच्या लेखी निव्वळ सोयीची नसते. दिव्याविषयीचा हा भाव कशातून उपजला आणि काळाच्या ओघात त्याचे काय झाले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली गोष्ट ही की, प्रकाश महाग होता. दिव्यात जळणारे तेल शेतातून आणि घाण्यातून येई. देशावर करडई, जवस, तीळ आणि करंज. किनारपट्टीस खोबरेल आणि उंडीच्या बियांचे तेल. यांतील पुष्कळसे तेल खाण्याचेही असल्यामुळे, दिव्यात घातलेली पळी ही पुष्कळदा ताटातून काढलेली पळी असे. एवढे करून एका वातीचा उजेड तो किती? हातभर अंतरावरील चेहरे दिसावेत इतकाच. बाकीचे घर अंधारातच राही आणि माणसे आपला उंबरठा, आपली उतरंड, आपली विहीर हातापायांच्या सवयीने ओळखीत. अंधार नाहीसा करण्याची उमेद त्या दिव्याने कधी बाळगली नाही. तो रात्रीस सोबत करी. ‘दिव्याची सोबत आहे’ असे आपल्या आजीबाई म्हणत, त्यातील ‘सोबत’ हा शब्द अगदी नेमका होता.

अशा स्थितीत रात्रभर तेवणारा दिवा ही सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. नवरात्राचे नऊ दिवस अखंड दीप ठेवणे हेच मोठे व्रत. घरातील सुवासिनी मध्यरात्री उठून वात सारी, काजळी झाडी, तेल घाली; आणि दिवा शांत होईल की काय या काळजीने तिची झोप अर्धीच राही. वर्षाच्या प्रत्येक रात्री जळणारा दिवा मात्र देवळात किंवा मठातच असे, आणि तोही पुष्कळांच्या हातभाराने. हाच नंदादीप. या शब्दातील ‘नंद’ म्हणजे आनंद असा अर्थ आपण सहज लावतो. परंतु कन्नड भाषेत ‘नंदु’ म्हणजे विझणे, आणि ‘नंदा’ म्हणजे न विझणारा. बेळगावकडील वाचकांस हे निराळे सांगावयास नको. दोन्ही अर्थ एकाच ज्योतीत नांदावेत हे सीमाभागाच्या परंपरेस शोभणारेच आहे.

हा हातभार कसा लागे, याचे उत्तर शिलालेखांत मिळते. ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेत चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते. तेथील इ. स. ८७६ चा लेख गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, कारण २७० आणि ५० या संख्यांतील शून्य त्यात स्पष्टपणे कोरलेले आहे. शून्य पाहण्यासाठी तेथे देशोदेशींचे अभ्यासक जातात. परंतु त्याच लेखात आणखी एक नोंद आहे, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने तितकीच मोलाची होय. गावच्या तेल्यांनी दर महिन्याच्या शुद्ध नवमीस प्रत्येक घाण्यामागे एक पलिका तेल देवाच्या दिव्यासाठी द्यावयाचे, अशी ती कायमची व्यवस्था आहे. राजाच्या एकट्याच्या दानावर तो दिवा अवलंबून नव्हता. घाण्याभोवती फिरणाऱ्या प्रत्येक बैलाचा त्यात वाटा होता.

दुसरे उदाहरण दक्षिणेचे. इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील लेखांत एका अखंड दिव्यासाठी ९६ मेंढ्या नेमून दिल्याच्या नोंदी आहेत. मेंढ्या धनगरांनी सांभाळावयाच्या आणि त्यांच्या मोबदल्यात रोज एक उळक्कु, म्हणजे एक लहान माप, तूप मंदिरास पोचवावयाचे. या मेंढ्यांना तमिळ लेखांत ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ मेंढ्या असे म्हटले जाई. मेंढी मरते, पण कळप वाढत राहतो. तेव्हा तुपाचा हप्ता चुकण्यास सबब नाही, असा त्याचा व्यवहारी अर्थ. पुढे सतराव्या शतकात तंजावरास भोसल्यांचे राज्य आले, आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर इ. स. १८०३ मध्ये सरफोजीराजांच्या काळी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. दिव्याचा करार आणि मराठी राजवंशाची हकीकत एकाच वास्तूत जपली गेली, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपणा मराठी भाषकांस आपलीशी वाटल्यावाचून राहणार नाही.

या नोंदींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. नंदादीप हा मुळात एक शब्द होता, दिलेला आणि पिढ्यान्पिढ्या पाळलेला. रात्री दुरून येणाऱ्या वाटसरूस देवळातील मिणमिणता उजेड दिसला की त्याचा जीव खाली पडे. उजेड फार होता म्हणून नव्हे. तेथे कोणीतरी जागे आहे हे त्यास कळे म्हणून. दक्षतेने केलेल्या राखणीस मराठीत ‘डोळ्यांत तेल घालून जागणे’ म्हणतात. दिव्यात तेल घालणारा आणि डोळ्यांत तेल घालणारा हे आपल्या भाषेने एकाच मापाने मोजले.

मात्र आपल्या परंपरेने अंधाराला केवळ शत्रू मानले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आषाढी अमावास्येस घरातील सारे दिवे घासूनपुसून मांडतात आणि त्यांचीच पूजा करतात. आश्विनातील अमावास्येच्या काळोखात दिवाळीच्या पणत्या लागतात, आणि तेथून पंधरा दिवसांनी, चंद्र पूर्ण असताना, त्रिपुरी पौर्णिमेस दीपमाळा पाजळतात. अमावास्येचा दिवा गरजेचा म्हणावा, तर पौर्णिमेचा दिवा निव्वळ भक्तीचा. गोमंतकात मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाकडे पाहिले, किंवा दिवजोत्सवात पेटती दिवजे हाती घेऊन देवळाकडे निघालेल्या सुवासिनींची रांग पाहिली, म्हणजे भोवतालच्या काळोखाचेही त्या शोभेत केवढे अंग असते ते उमगते. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये सिद्ध केलेल्या गीताटीकेस ‘भावार्थदीपिका’ हे नाव मिळाले. सूर्याची उपमा हाताशी असता दिव्याची लाभली. दिवा हाती धरता येतो, आणि एका दिव्याने दुसरा लावता येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले. मुंबईच्या रस्त्यांवर इ. स. १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले, आणि परदेशचे खनिज तेल डब्यांतून गावोगाव पोचले. ‘घासलेट’ आणि ‘रॉकेल’ हे आपले घरगुती शब्द इंग्रजी शब्दांचेच मराठी अवतार होत. चिमणी आणि कंदील यांनी गरिबाच्या झोपडीत रात्रीचा अभ्यास शक्य केला, गॅसबत्तीने कीर्तनाचा मांडव उजळला. देवघरात मात्र रॉकेलला सहसा थारा मिळाला नाही. बाहेरच्या खोलीत कंदील आणि देवापुढे तेलाची समई, अशी वाटणी कित्येक वर्षे चालली. उजेड स्वस्त झाला तेव्हा सोयीचा दिवा आणि व्रताचा दिवा हे वेगळे झाले.

त्यानंतर वीज आली. तिचे उपकार कोण नाकारील? अडलेल्या बाळंतिणीस, पायवाटेवरील सर्पभयास, परीक्षेच्या विद्यार्थ्यास विचारावे. परंतु इतिहासाने दुसरी बाजूही नोंदली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. तोवर अंधार पडला की हात थांबत. आता थांबण्यास निमित्त उरले नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणीकामगारांची रात्र अशा रीतीने विकली गेली. अखेर इ. स. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा घालावी लागली. जो उजेड पूर्वी विसाव्याची वेळ सांगे, त्यानेच विसावा हिरावून घेतला.

आज प्रकाश इतका विपुल झाला आहे की काळोखच राखून ठेवण्याची वेळ आली आहे. लडाखातील हानले येथे इ. स. २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र घोषित झाले, आणि इ. स. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास तशीच आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. शहरातील मुलास आकाशगंगा दाखवावयाची तर प्रवास करून जावे लागते. आजीने ती अंगणात बाजेवरून दाखविली होती. देवस्थानांतही दीपमाळेवर रंगीत विजेच्या माळा चढल्या आहेत. त्यात दोष शोधण्याचा हेतू नाही. उत्सवास शोभा हवीच. प्रश्न एवढाच की, कळ दाबून लागलेल्या दिव्यासाठी कोणी जागे राहत नाही, कोणाच्या घाण्याचे तेल त्यात पडत नाही, आणि तो गेला तरी कोणाच्या काळजात चर्र होत नाही.

म्हणून मठाच्या वर्धापनाच्या या प्रसंगी भक्तजनांपुढे एक लहानशी विनंती ठेवावीशी वाटते. वर्षातून एक रात्र, मग ती आषाढी अमावास्या असो वा त्रिपुरी पौर्णिमा, शेजारतीनंतर प्राकारातील विजेचे दिवे घटकाभर मालवावे. गाभाऱ्यात एकटा नंदादीप असावा. मुलांना सभामंडपात बसवून, डोळे अंधारास सरावेपर्यंत थांबण्यास सांगावे. पूर्वजांनी या इवल्या ज्योतीसाठी घाणे आणि कळप का नेमून दिले, ते त्यांना निरूपणावाचून कळेल. आणि त्या रात्री समईत तेल घालण्याचे काम मुलांच्याच हाती द्यावे.