रोटीबंदी कुठे तुटली?

मुंबईतल्या काही सुशिक्षित तरुणांनी १८४९ मध्ये परमहंस सभा काढली. दादोबा पांडुरंग हे तिच्या सूत्रधारांपैकी एक. सभासद व्हायचे तर ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. जात पोथीत होती त्याहून जास्त जिभेवर होती, हे या तरुणांनी अचूक ओळखले होते. पण सगळा कारभार गुप्त. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, नावे फुटण्याची वेळ आली आणि सभा विरून गेली.

उघडपणे चहा घेणाऱ्यांचे काय झाले, ते पुण्याने पाहिले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक दोघेही तिथे होते. काहींनी चहा घेतला, काहींनी कपाला नुसता हात लावला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचा वाद, माजले, शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, ते मुख्यतः अडचणीत सापडलेल्या मित्रांसाठी.

एवढी मोठी माणसे चहाच्या एका घोटापायी अडचणीत आली, कारण बहिष्कार थेट घरात शिरायचा. श्राद्धाला भटजी मिळत नसे, पंक्तीला बोलावणे येत नसे, मुलामुलींची लग्ने अडत. ज्याच्या मनात कुणाविषयी तिरस्कार नाही असा माणूसही मग नियम पाळत राही. पूर्वग्रह टिकवायला शेजाऱ्याची भीती पुरेशी होती.

पुण्यातल्या वादात दोन्ही बाजूंना मुख्यतः उच्चवर्णीयच होते. ज्यांच्या हातचे पाणीच चालत नव्हते त्यांच्यासाठी हा प्रश्न पोटाचा होता. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला मिळे. पण तिथे मागावरच्या धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले तो आपल्या तोंडाला लावायला सवर्ण कामगार तयार नव्हते. त्यामुळे दलितांना त्या खात्यात प्रवेशच नसे. १९२० च्या दशकाअखेरीच्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय ठामपणे पुढे आणला. एकाच छपराखाली, एकाच मालकाविरुद्ध लढणारे कामगारही ओठांच्या विटाळापाशी वेगळे होत होते.

कोल्हापुरात वेगळे घडले. राजवाड्यातल्या हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून गंगाराम कांबळे यांना सवर्ण नोकरांनी मारहाण केली होती. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः रस्त्यात गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाच कप तोंडाला लावतो म्हटल्यावर बाकीच्यांना विटाळाचे कारण पुढे करणे कठीण झाले. १९१९ मध्ये महाराजांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूम काढले होते. त्यांचा चहा म्हणजे त्या हुकमांची रोजची अंमलबजावणी होती.

सत्तेने नुसता ठराव करून भागत नाही, हे महाडने दाखवले. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तरी पाणी प्यायला कुणी धजावत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तळ्यावर गेले. ते आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठली आणि जमावाने परतणाऱ्या, जेवणाऱ्या माणसांवर लाठ्या चालवल्या. नंतर तळ्यात गोमूत्र, शेण, दूध, दही ओतून ‘शुद्धी’ झाली. आपले काहीतरी हिरावले जात आहे, या नुसत्या समजुतीने साधी माणसे हिंसक झाली. हक्काचा न्यायालयीन निकाल यायला १९३७ साल उजाडले.

१९४० च्या दशकात समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केला. पूजेला दलित जोडपे, प्रसादाला झुणका-भाकर, पंक्तीला सगळे. इथे कुणी उपकार म्हणून जेवू घालत नव्हते. ज्याला देवळाबाहेर ठेवले होते तोच यजमान होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ या ग्रंथात पूर्वग्रह ओसरण्याच्या अटी मांडल्या: दोन्ही गट बरोबरीच्या नात्याने भेटावेत, उद्दिष्ट सामायिक असावे, ते सहकार्याने गाठावे आणि कायद्याचा किंवा सत्तेचा पाठिंबा असावा. परमहंस सभेपाशी हा पाठिंबा नव्हता. गिरणीत सामायिक उद्दिष्ट होते, बरोबरी नव्हती. कोल्हापूरच्या हॉटेलात सत्ता पाठीशी होती, गद्र्यांच्या पंक्तीत बरोबरी होती.

रोटीनंतर बेटी येते. सहभोजनाने जात मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडले. ऑलपोर्ट यांचा ग्रंथ आला त्याच वर्षी, १९५४ मध्ये, विशेष विवाह कायदा झाला. जात-धर्म ओलांडून प्रेम करणाऱ्यांना त्याने कायद्याचा आधार दिला. मात्र त्याच कायद्यानुसार तीस दिवस आधी द्यावी लागणारी नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. घरच्यांच्या रागापासून जीव वाचवू पाहणाऱ्या जोडप्याचा ठावठिकाणा त्यामुळे उघड होतो. शाहू महाराजांनी सत्ता दुबळ्याच्या बाजूने उभी केली होती. या नोटिशीमुळे तीच सत्ता जोडप्याच्या वैऱ्यांना खबर देते, म्हणून ही अट जायला हवी.